कुंभकर्णाची शेवटची कुस्ती

रंगादादा त्या दिवशी माझ्या घराच्या दारातून आत येऊ शकला नाही.

उंचीचं म्हणाल तर उंच तो पहिल्यापासूनच होता. सव्वासात फूट. माझ्या सासरच्या चौकटीतून येताना तो कमरेत मोडायचा, आधी डोकं आत घालायचा, मग खांदे तिरके करायचा आणि आत आला की म्हणायचा, "हौसे, दाजींना सांग, घर जरा उचलून घ्या." त्या दुपारी मात्र तो दाराशी आला, चौकटीवर हात ठेवला आणि तसाच उभा राहिला. वाकायला गेला तर कपाळावर घाम आला. मग म्हणाला, "अंगणातच बसतो. वारं हाय हितं."

एप्रिलचा महिना होता. झाडाचं पान हलत नव्हतं.

त्याच्याबरोबर युसूफ शिकलगार होता. मिरजेचा. मुंबईच्या एका कंपनीत दोघं फ्री स्टाईल कुस्त्यांचा खेळ करायचे. मी तासगावात शाळेत शिकवत होते, आणि आमच्या शाळेच्या भिंतीवर आठवडाभर त्यांचं पोस्टर लागलं होतं. एका बाजूला दात विचकलेला 'महाबली कुंभकर्ण', म्हणजे माझा भाऊ, आणि दुसऱ्या बाजूला 'शेर युसूफ'. कोण पडणार, कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं. कुंभकर्ण सगळ्यांना झोडपायचा आणि शेवटी शेर त्याला पाडायचा. लोक खूश होऊन घरी जायचे. मैदानात एकमेकांच्या उरावर बसणारे हे दोघं खेळ संपला की एकाच ताटात जेवत.

युसूफनं बाज ओढली, वर गोधडी टाकली आणि दादाला काखेत हात घालून बसवलं. अगदी सवयीनं. दादाही त्याच्या अंगावर भार टाकून बसला. मी बघत होते.

"असं काय बघतीस?" दादा हसला. त्याचं कपाळ पुढं आलं होतं, जबडा रुंद झाला होता. आवाज विहिरीतून यावा तसा. "राक्षसाला भिऊ नको. पोट भरलं की कुणाला खात न्हाई तो."

मी हुलग्याची शेंगोळी केली होती. त्याला लहानपणापासून आवडायची. ताट पुढं ठेवलं. त्याची बोटं इतकी जाड झाली होती की भाकरी मोडेना. युसूफ पुढं सरकला, त्यानं भाकरी कुस्करली, वर रस्सा ओतला आणि ताट परत दादाच्या मांडीवर ठेवलं.

"काय झालंय, दादा?"

"काय न्हाई. डोक्यात एक गाठ हाय. वाटाण्याएवढी. तिच्यामुळंच मी एवढा वाढलो म्हणं." तो जेवत जेवत सांगत होता, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. "आता हाडं दमली. बाजूचं दिसत न्हाई नीट. समोरचं दिसतंय. तू दिसतीस."

"ऑपरेशन?"

"लौकर यायला पाहिजे होतं, असं डॉक्टर म्हणाला." त्यानं रस्सा ओरपला. "हौसे, आजचा खेळ शेवटचा. आबांना घेऊन येशील?"

आमचे आबा म्हणजे दादू पैलवान. आई आम्ही लहान असतानाच गेली. आबांनीच आम्हांला वाढवलं. गावातली तालीम त्यांनी उभी केली होती, आणि उभ्या आयुष्यात त्यांची पाठ कधी मातीला लागली नव्हती. तालुक्यातल्या शाळकरी पोरालाही हे ठाऊक होतं. रंगादादा मिसरूड फुटायच्या वयात ताडासारखा वाढायला लागला तेव्हा आबांना आभाळ ठेंगणं झालं. पहाटे उठून ते त्याच्याकडून जोर-बैठका काढून घ्यायचे, दुधाची घागर त्याच्यासमोर ठेवायचे. पण अंगात उंचीएवढी ताकद आलीच नाही. बुटके पैलवान त्याच्या पायांत शिरायचे आणि तो झाड कोसळावं तसा पडायचा. जत्रेच्या मैदानात लोक हसायचे. आबा खाली मान घालून बसायचे. मग एका जत्रेत कंपनीच्या मालकानं त्याला बघितलं आणि मुंबईला येतोस का म्हणून विचारलं.

आबा एकच वाक्य बोलले होते. "खरं पडून आलास तर जेवायला वाढीन, ठरवून पडणार असशील तर ह्या घरात येऊ नको."

दादा गेला. घरी पुन्हा आला नाही. माझ्याकडे मात्र यायचा, आणि दर वेळी जाताना विचारायचा, "आबा काय म्हणत्यात?" मी म्हणायची, "बरे आहेत." त्यांनी कधी त्याचं नाव काढलं नव्हतं.

"आज मी जिंकणार हाय," दादा म्हणाला. "युसूफ पडणार."

"मालकांना पटवलं मी," युसूफ म्हणाला. "माझं काय जातंय, ताई? रोज हा पडतोय, आज मी पडतो."

"पण दादा, ते खोटंच ना? आबा बघताक्षणी ओळखतील."

"ओळखू देत." दादानं ताट बाजूला ठेवलं. "पण मी पडलेला त्यांनी लई बघितलाय गं. एकदा हात वर केलेला बघू देत. मग काय म्हणायचं ते म्हणू देत."

त्याला युसूफच्या स्वाधीन करून मी एसटीनं गावी गेले.

आबा तालमीत होते. तालमीत आता फारसं कुणी येत नव्हतं, पण कुस्तीच्या हौद्यातली माती ते रोज खणायचे. मी गेले तेव्हा त्या लाल मातीत ताक आणि तेल घालून पायानं कालवत होते. सत्तरी जवळ आली होती, तरी पिंढऱ्या घट्ट होत्या.

"आबा, दादा आलाय तासगावला."

ते माती कालवत राहिले.

"आज त्याचा शेवटचा खेळ आहे. तुम्ही यावं म्हणतोय."

"खेळ व्हय? त्यापरीस तमाशा बरा. नाचणारी निदान खरी नाचती."

"आबा—"

"संध्याकाळची गाडी चुकंल तुझी. जा."

मी उंबऱ्यापर्यंत गेले. मग मागं वळून म्हणाले, "आबा, दादाला वाकता येत नाही. आज माझ्या घरात त्याला येता आलं नाही."

मातीतले पाय थांबले.

"कमरंतनं का गुडघ्यातनं?"

"मला काय कळतं त्यातलं? युसूफ त्याला धरून बसवतो. भाकरीसुद्धा मोडत नाही त्याला."

आबा हौद्यातून बाहेर आले. पाण्याच्या नांदीपाशी बसून त्यांनी पाय धुतले, बराच वेळ, बोटांच्या मधली माती काढत. मग आत जाऊन धुवट सदरा घातला, फेटा बांधला आणि म्हणाले, "चल."

संध्याकाळच्या गाडीनं आम्ही तासगावला पोचलो.

मैदान शाळेचंच होतं. मधोमध फळ्यांची रिंग, चारी बाजूंना दोर, वर दिव्यांचे झोत. दिवस अजून पुरता मावळला नव्हता तरी पटांगण भरून गेलं होतं. आम्ही पुढच्या रांगांमध्ये एका कडेला बसलो. आजूबाजूची जाणती माणसं आबांना बघून चपापली. कुणी नमस्कार केला, कुणी एकमेकांना कोपरानं ढोसलं.

शेवटची कुस्ती पुकारली तेव्हा ढोल वाजायला लागले. रंगीत कागदांनी सजवलेला गाडा कंपनीच्या माणसांनी ओढत आणला. त्यावर रंगादादा झोपलेला. काळा लंगोट, छातीवर नकली केसांचा झुपका, कपाळाला शेंदूर. माइकवरचा माणूस ओरडत होता, "कुंभकर्ण झोपलाय! उठवा त्याला!" पोरं किंचाळत होती. भुईमुगाची टरफलं आणि कागदाचे बोळे त्याच्या अंगावर पडत होते. ढोल अगदी त्याच्या कानाशी वाजायला लागले तेव्हा तो हळूहळू उठून बसला आणि त्यानं आरोळी ठोकली. बायकांनी लेकरांना पदराखाली घेतलं. टाळ्या कडाडल्या.

"हे नवं दिसतंय," मी म्हणाले. "पूर्वी तर चालत यायचा."

"चालता येत न्हाई म्हणून आडवं घालून आणलाय," आबा म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते दादाच्या तोंडाकडे बघतच नव्हते. त्यांची नजर त्याच्या पायांवर होती.

युसूफनं वर चढताना दादाला दंडाला धरून ओढलं, लोकांना वाटलं डिवचतोय. कुस्ती सुरू झाली. दादा हात फिरवायचा, युसूफ कोलांट्या खात लांब जाऊन पडायचा, पुन्हा उठून त्याच्या अंगावर धाव घ्यायचा. माणसं बेंबीच्या देठापासून ओरडत होती. आबा मात्र हळू आवाजात, जणू तालमीत एखाद्या पोराला शिकवावं तसं, बोलत होते.

"उजवा पाय मेलाय त्याचा... ते पोरगं त्याला मारत न्हाई, हौसा. धरतंय त्याला. बघ, दर टायमाला उजव्या अंगाला येतंय... चांगलं पोरगं हाय."

ठरलेला शेवट आला. दादा युसूफला डोक्यावर उचलणार, खाली आपटणार आणि जिंकणार. युसूफनं स्वतःच उडी घेतली. दादाच्या खांद्यावर गेला. दादा एक पाऊल मागं सरला, आणि उजवा पाय दुमडला.

त्या पडण्याचा आवाज मला अजून आठवतो. फळ्या तुटल्या की काय असं वाटलं. युसूफ एका बाजूला फेकला गेला. दादा कुशीवर पडला होता. त्यानं कोपर टेकवून उठायचा प्रयत्न केला. कोपर घसरलं. पुन्हा टेकवलं. पुन्हा घसरलं.

आधी लोक हसले.

"झोपला परत!"

"ढोल आणा रं, ढोल!"

ढोल वाजले. तो उठला नाही. युसूफ त्याच्याजवळ गुडघ्यावर बसून काहीतरी बोलत होता. रिंगच्या खालून मालक हातानं खुणावत होता, बस त्याच्या छातीवर, संपव. युसूफनं तिकडं पाहिलं आणि मान हलवली. नाही.

मग ओरडा बदलला. "नाटकं बंद करा!" "फसवत्यात!" एक चप्पल येऊन दादाच्या पाठीवर पडली. दादा मान वळवून गर्दीत शोधत होता. बाजूचं त्याला दिसत नव्हतं, म्हणून सगळं डोकं इकडून तिकडं फिरवत होता. तो कुणाला शोधतोय ते मला ठाऊक होतं. मी उभी राहिले, हात हलवला. त्याला दिसलं नाही.

माझ्या शेजारची जागा रिकामी झाली होती.

आबा पायऱ्या चढून वर गेले होते. दोरांमधून आत शिरले. फेटा काढून त्यांनी खांबावर ठेवला, सदरा काढला. आणि त्या पिवळ्या झोतात, पिकल्या छातीचा तो म्हातारा रिंगच्या मधोमध उभा राहिला आणि त्यानं शड्डू ठोकला.

आवाज असा घुमला की ढोल थांबले.

"दादू पैलवान! आरं, दादू पैलवान चढलं!"

"शेराला जमंना व्हय?" आबा चौफेर बघत गरजले. "मग ह्या म्हाताऱ्याला बघू द्या जरा! उठ रं कुंभकर्णा! बाप आलाय तुझा!"

पटांगण हसण्यानं फुटलं. सगळ्यांना वाटलं खेळाचाच भाग आहे. चप्पल फेकणारेसुद्धा बाकड्यांवर चढले.

आबा वाकले. दादाच्या दोन्ही काखांत हात घातले, छातीला खांदा लावला आणि एका हिसक्यात त्याला गुडघ्यांवर आणलं. लांबून ते पकड घेतल्यासारखंच दिसलं. युसूफ धावत आला, मागून कंबर आवळल्याचं सोंग करून त्यानं दादाला सावरून धरलं. आबांनी दादाचे हात आपल्या मानेवर घेतले. दोघांची कपाळं एकमेकांना टेकली. आबा गुडघ्यांवर, दादा गुडघ्यांवर, तरी दादा त्यांच्यापेक्षा केवढा तरी उंच. आबांचे ओठ हलताना मला दिसले.

मग आबा मागं झुकायला लागले. मानेच्या शिरा ताणलेल्या, तोंड लाल झालेलं. एकदा त्यांनी उसळी मारली, लोक ओरडले. पुन्हा झुकले. एक खांदा टेकला. मग दुसरा. दादाची भलीमोठी छाती त्यांच्यावर आली आणि आबा तिच्याखाली दिसेनासे झाले.

पंचाला काही सुचेना. त्यानं युसूफकडं पाहिलं. युसूफनं डोळ्यांनी खूण केली. पंचानं फळीवर तीन थापा मारल्या.

दादू पैलवानाची पाठ लागली होती. मग जो गलका उठला तसा मी पुन्हा कधी ऐकला नाही. फेटे उडाले, शिट्ट्या, ढोल. पंचानं दादाचा हात धरून वर केला. दादा रडत होता. शेंदूर गालांवरून ओघळत होता आणि लोकांना वाटत होतं घाम आहे.

त्याला गाड्यावर घालून नेलं. आबा उघड्या अंगानं, गाड्याला हात लावून बाजूनं चालत होते. गर्दीतून जाताना मी एकाला बोलताना ऐकलं, "म्हाताऱ्यानं अखेरीला नाव घालवलं." आबांनीही ऐकलं असणार. त्यांनी मान वळवली नाही.

दुसऱ्या दिवशी युसूफनं टेम्पो आणला आणि आम्ही दादाला गावी नेलं. आबांनी तालमीतच त्याची गादी घातली. तिथलं दार मोठं होतं.

त्यानंतरचे महिने मी दर रविवारी जायची. दादाची नजर कमी होत गेली. रोज सकाळी आबा त्याच्या पायांना तेल चोळायचे, पहाटेच्या त्या जुन्या शिस्तीनं. एकदा मी पाणी घेऊन गेले तर दादा म्हणत होता, "लोक काय काय म्हणत असतील तुम्हांला, आबा."

"लोकांचं सोड. पाय इकडं कर."

त्याच दिवशी आबा विहिरीवर गेल्यावर मी दादाला विचारलं, "त्या दिवशी कपाळाला कपाळ लावून काय म्हणाले रे ते तुला?"

दादानं तोंड वर केलं. त्याला आता उजेड तेवढा कळत होता.

"म्हणाले, 'रंगा, अंग सोड सगळं. घाल भार माझ्यावर. मी हाय खाली.'"

दिवाळी झाली. थंडी पडली. एका रविवारी सकाळी मी तालमीत शिरले तेव्हा आबा नेहमीसारखे दादाच्या पायाशी बसून तेल चोळत होते. पिंढरीवरून टाचेपर्यंत, पुन्हा वर. माझी चाहूल लागली तरी त्यांनी वर पाहिलं नाही.

"हौसा," ते म्हणाले, "आज पाय लई गार लागत्यात गं. लौकर गरमच हुईनात."

मी दादाच्या तोंडाकडे पाहिलं आणि आबांच्या जवळ जाऊन बसले. त्यांचे हात धरायला हवे होते. मला धरवले नाहीत. ते चोळत राहिले.

आबा त्यानंतर सहा-सात वर्षं जगले. शेवटच्या वर्षी जत्रेत जुन्या पैलवानांचा सत्कार ठेवला होता. त्यांना धरून मीच व्यासपीठावर नेलं. निवेदक चांगला बोलणारा होता. तासगावची ती कुस्ती त्याला ठाऊक असावी, पण ती कुणी हिशेबात धरतच नव्हतं. खेळातलं सोंग म्हणून सगळ्यांनी सोडून दिली होती. तो म्हणाला, "आणि आता, ज्यांची पाठ आयुष्यात कधीही लागली नाही असे आपल्या तालुक्याचे—"

आबांनी हात वर केला. निवेदकाला वाटलं पाणी हवंय. आबांनी त्याच्या हातातला माइक घेतला.

"चुकतंय तुमचं," ते म्हणाले. शब्द स्वच्छ होते. "एकदा लागली. तासगावच्या मैदानात. सगळ्यांच्या देखत."

लोकांत हसू पसरलं. निवेदकही हसला. "पैलवान, ती काय खरी कुस्ती होती व्हय?"

आबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याचं हसू जागच्या जागी विरलं.

"खाली मी होतो," आबा म्हणाले. "मला ठाऊक हाय ना. लिहून घ्या. रंगराव दादू पैलवान. चीत केलं त्यानं मला."

कुणी टाळी वाजवली नाही. आबा माइक धरून तसेच उभे राहिले, आणि समोरच्या एवढ्या माणसांतून कुणीतरी ते नाव पुन्हा मोठ्यानं पुकारावं याची वाट बघत राहिले.